बालग्रंथनिवड व आंतरराष्ट्रीय सामंजस्य

परक्या माणसांविषयी करुणा, शांततेची ओढ आणि अन्य समाजांविषयी समजूत मुलांच्या मनात निर्माण व्हावी, या हेतूने त्यांच्या वाचनासाठी ग्रंथांची विचारपूर्वक निवड करण्याची कल्पना व तीमधून उभी राहिलेली चळवळ. बालवाङ्मयातून नीती शिकवावी, हा विचार फार जुना आहे. पंचतंत्र, जातककथा व इसापच्या कथा त्यासाठी सर्वत्र वापरल्या गेल्या. मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाचा आरंभही अशाच ग्रंथांनी झाला. तंजावर येथे १८०६ मध्ये छापलेली बालबोधमुक्तावली हे इसापच्या कथांचे भाषांतर होते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे बाळमित्र (१८२८) हे पुस्तक बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथाच्या इंग्रजी अवताराचे भाषांतर होते. या पुस्तकांतील दया मुख्यतः घरचा नोकर, दारचा भिकारी व मुकी जनावरे यांच्यापुरती असे. शत्रुराष्ट्रातील मूल आपल्यासारखेच असते, हे मुलाला पुस्तकातून कळावे, ही अपेक्षा मात्र विसाव्या शतकातील असून ती पहिल्या महायुद्धाच्या अनुभवातून जन्माला आली.

पूर्वपीठिका : पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या काळात शिक्षणातून शांतता निर्माण करता येईल, असा मोठा विश्वास यूरोपात होता. जिनीव्हा येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाने बालवाङ्मयाकडेही लक्ष दिले. निरनिराळ्या देशांकडून शिफारशी मागवून आंतरराष्ट्रीय सदिच्छेस पोषक अशा बालग्रंथांची सूची त्याने प्रसिद्ध केली. याच विचाराचे वाङ्मयीन रूप फ्रेंच समीक्षक पॉल अझार (१८७८–१९४४) यांच्या ले लिव्र, लेझांफां ए लेझॉम (१९३२, म. शी. ‘पुस्तके, मुले व माणसे’) या ग्रंथात आढळते. बालपणाचे एक विश्वव्यापी प्रजासत्ताक असून पुस्तके त्याच्या सीमा ओलांडून जातात, असे अझार यांचे प्रतिपादन होते. मुले स्वतःला हवी ती पुस्तके मोठ्यांच्या हातून हिसकावून घेतात, हे त्यांनी रॉबिन्सन क्रूसो व गलिव्हर्स ट्रॅव्हल्स या मोठ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांच्या उदाहरणांनी दाखविले. ग्रंथनिवड करणाऱ्यांनी हा दुसरा मुद्दा पुढे वारंवार दृष्टिआड केला.

अझार यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्याच वर्षी जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला. १० मे १९३३ रोजी बर्लिन व अन्य विद्यापीठनगरांत ग्रंथांच्या होळ्या करण्यात आल्या. ज्यांची पुस्तके जाळली गेली त्यांत एमिल उंट डी डेटेक्टिव्ह (१९२९) या जगभर वाचल्या गेलेल्या बालकादंबरीचे लेखक एरिख केस्टनर (१८९९–१९७४) हेही होते. ही होळी पाहणाऱ्या गर्दीत ते स्वतः उभे होते. मुलांचे पुस्तक द्वेषाचे साधन म्हणून किती परिणामकारक ठरते, याचे ज्ञान नाझींना शांततावाद्यांपेक्षा कमी नव्हते. यूलिउस श्ट्रायखर याच्या न्यूरेंबर्ग येथील प्रकाशनसंस्थेने १९३६ मध्ये एल्व्हिरा बाउअर हिचे सचित्र पद्यपुस्तक व १९३८ मध्ये एर्न्स्ट हीमरचे डेअर गिफ्टपिल्त्स (म. शी. ‘विषारी अळंबे’) ही पुस्तके काढली. दुसऱ्या पुस्तकाचा आरंभ एका मायलेकांच्या संवादाने होतो. रानात अळंबी गोळा करताना चांगले अळंबे व विषारी अळंबे यांतील फरक आई मुलाला समजावून सांगते आणि त्याच ओघात ज्यू लोक हे माणसांतील विषारी अळंबे होत, असे त्याच्या मनावर बिंबविते. आईचा प्रेमळ स्वर, रानातील सकाळ, स्वच्छ रंगीत चित्रे ही उत्तम बालपुस्तकाची सारी सामग्री येथे आहे. बालपुस्तकाची परीक्षा केवळ रचना, चित्रे व भाषा यांवरून करता येत नाही, याचा याहून भयंकर पुरावा सापडणे कठीण आहे. न्यूरेंबर्गच्या खटल्यात श्ट्रायखरविरुद्ध सादर झालेल्या पुराव्यात या बालपुस्तकांचाही समावेश होता. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

येल्ला लेपमान व म्यूनिकचे प्रदर्शन : त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, न्यूरेंबर्गपासून फार दूर नसलेल्या म्यूनिक शहरात, प्रस्तुत चळवळीचा खरा आरंभ झाला. तिच्या प्रवर्तक येल्ला लेपमान (१५ मे १८९१–४ ऑक्टोबर १९७०) या श्टुटगार्टच्या ज्यू कुटुंबातील पत्रकार होत. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी तेथील एका सिगारेट कारखान्यातील परदेशी कामगारांच्या मुलांसाठी वाचनकक्ष चालविला होता. १९२२ मध्ये त्यांच्या पतीचे निधन झाले व दोन मुलांचा भार त्यांच्यावर पडला. नाझी राजवटीत नोकरी गेल्यानंतर १९३६ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. युद्धकाळात त्यांनी बीबीसी व अमेरिकी नभोवाणी यांच्यासाठी काम केले. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सैन्याच्या स्त्रिया व मुले यांविषयीच्या सल्लागार म्हणून त्या जर्मनीत परतल्या. ज्या देशाने त्यांना हाकलले, त्याच देशात परत जावे की नाही, याविषयी त्यांचे मन प्रारंभी द्विधा होते. मुलांसाठी काम करावयाचे आहे, या एका कारणाने त्यांनी होकार दिला.

उद्ध्वस्त शहरांत फिरताना मुलांना अन्नवस्त्राइतकीच पुस्तकांचीही भूक आहे, असे त्यांना दिसले. घरांत उरलेली बरीचशी पुस्तके नाझी काळातील होती. नवी छापावयास कागद नव्हता. लेपमान यांनी परदेशांतील उत्तम बालपुस्तकांचे प्रदर्शन भरविण्याची योजना मांडली. वरिष्ठांनी तिला आडकाठी केली नाही; मात्र पैसा देण्याची तयारी कोणी दाखविली नाही. तेव्हा त्यांनी वीस देशांना पत्रे लिहून पुस्तके देणगीदाखल मागितली. यांतील बहुतेक देश अवघ्या वर्षापूर्वी जर्मनीशी लढत होते आणि कित्येकांची शहरे जर्मन बाँबहल्ल्यांत बेचिराख झाली होती. युद्धाचा अपराध मुलांच्या माथी मारता येत नाही, आणि ही पुस्तके म्हणजे शांततेचे पहिले दूत ठरतील, असा पत्रांचा आशय होता. बेल्जियमने प्रथम नकार दिला. दोन वेळा जर्मन आक्रमण सोसलेल्या देशाचा हा नकार समजण्याजोगा होता. लेपमान यांनी पुन्हा पत्र लिहिले. तिसऱ्या आक्रमणाचा धोका टाळावयाचा तर नवा आरंभ करण्याची संधी बेल्जियमनेच नाकारू नये, असे त्यांनी सुचविले. त्यानंतर बेल्जियमकडून पुस्तकांचा उत्तम संच आला.

सुमारे चार हजार पुस्तकांचे हे प्रदर्शन ३ जुलै १९४६ रोजी म्यूनिकमधील ‘हाउस डेअर कुन्स्ट’ या वास्तूत उघडले. नाझी राजवटीची आवडती कला मांडण्यासाठी बांधलेल्या या इमारतीचे उद्घाटन १९३७ मध्ये हिटलरने केले होते. पुढे प्रदर्शन श्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, बर्लिन इ. शहरांत नेण्यात आले. पुस्तकांबरोबर विविध देशांतील मुलांनी काढलेली चित्रेही मांडण्यात आली होती. निवडीच्या दृष्टीने या प्रदर्शनातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे कोणती पुस्तके पाठवावयाची, हे ठरविण्याचे काम त्या त्या देशावर सोपविलेले होते. प्रत्येक राष्ट्राने आपल्या मुलांना जे उत्तम म्हणून दिले तेच जर्मन मुलांनाही मिळावे, यात समानतेचा भाव होता. दुसरी गोष्ट, चित्रपुस्तकांवर दिलेला भर. परकी भाषा न कळणारे मूलही चित्रांच्या आधाराने पाने उलटीत राहते, हा अनुभव तेथे रोज येत होता.

मुलांना पुस्तके पाहावयास मिळत. घरी नेता येत नसत. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी १९४६ च्या नाताळात बर्लिन येथे मन्‍रो लीफ यांच्या द स्टोरी ऑफ फर्डिनंड (१९३६) या पुस्तकाचा जर्मन अनुवाद वृत्तपत्राच्या कागदावर छापून त्याच्या सुमारे ३०,००० प्रती मुलांना विनामूल्य वाटण्यात आल्या. रॉबर्ट लॉसन यांच्या रेखाचित्रांनी सजलेल्या या गोष्टीत झुंजीसाठी नेलेला एक धिप्पाड बैल रिंगणात लढण्याऐवजी फुलांचा वास घेत बसून राहतो. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीने व जर्मनीत नाझींनी या पुस्तकावर बंदी घातली होती. या कथेत शांततेविषयी एकही विधान नाही, युद्धाचा उल्लेख नाही आणि फर्डिनंड कोणाला उपदेशही करीत नाही. भग्न बर्लिनमधील मुलांसाठी शेकडो पुस्तकांतून नेमकी हीच निवड व्हावी, यात लेपमान यांची बालवाङ्मयाची खरी जाण दिसून येते.

आंतरराष्ट्रीय बाल ग्रंथालय : प्रदर्शनासाठी जमलेल्या ग्रंथांतून स्थायी ग्रंथालय उभारण्याच्या प्रयत्नांना अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळाले. एलिनॉर रूझवेल्ट यांनीही त्यात आस्था दाखविली. १४ सप्टेंबर १९४९ रोजी म्यूनिक येथे आंतरराष्ट्रीय बाल ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. पुस्तके मुक्तपणे हाताळण्याची मुभा, चित्रकलेचा कक्ष, परकीय भाषांचे वर्ग, मुलांनी स्वतः वाचलेल्या पुस्तकांवरील चर्चा व मुलांचा ‘संयुक्त राष्ट्रसंघ’ हे उपक्रम तेथे चालत. आज्ञापालनाच्या शिस्तीत वाढलेल्या पिढीला मत देणे, ते बदलणे व दुसऱ्याचे ऐकून घेणे यांची सवय लावणे, हा त्यांमागील उद्देश होता. १९८३ मध्ये ग्रंथालय म्यूनिकजवळच्या ब्लूटेनबुर्ख गढीत हलविण्यात आले. आज तेथे दोनशेहून अधिक भाषांतील सहा लाखांवर ग्रंथ आहेत. जगातील नव्या बालपुस्तकांतून निवडक ग्रंथांची ‘व्हाइट रेव्हन्स’ (पांढरे कावळे) ही सूची ग्रंथालय प्रसिद्ध करते. आंतरराष्ट्रीय सामंजस्यास विशेष साहाय्यक अशा पुस्तकांवर वेगळी खूण करण्याची प्रथाही तीत होती.

केस्टनर यांचे डी कोन्फेरेन्त्स डेअर टीरे (१९४९, म. शी. ‘प्राण्यांची परिषद’) हे पुस्तक लेपमान यांनी सुचविलेल्या कल्पनेवर आधारलेले आहे. माणसांच्या परिषदांमागून परिषदा निष्फळ होतात, हे पाहून प्राणी स्वतःची परिषद भरवितात आणि शेवटी जगातील सर्व मुले लपवून ठेवून राज्यकर्त्यांना शांततेचा करार करण्यास भाग पाडतात, असे त्याचे कथानक आहे. वाल्टर ट्रीर यांच्या चित्रांमुळे व केस्टनर यांच्या खेळकर उपरोधामुळे ते वाचनीय झाले आहे. तरीही त्यातील हेतू कथेच्या पुढे धावतो. फर्डिनंडच्या शेजारी ठेवल्यास हे पुस्तक मुलांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून लिहिल्यासारखे वाटते. केस्टनर यांच्या एमिल मध्ये शांततेचा उपदेश नाही, परंतु अनोळखी शहरात एका परगावच्या मुलासाठी धावून येणारी मुले आहेत.

संस्थात्मक विस्तार : नोव्हेंबर १९५१ मध्ये लेपमान यांनी ‘बालपुस्तकांतून आंतरराष्ट्रीय सामंजस्य’ या विषयावर म्यूनिक येथे परिषद बोलाविली. स्पॅनिश तत्त्वज्ञ ऑर्तेगा ई गासेत यांनी तीत भाषण केले. या परिषदेच्या निर्णयानुसार १९५३ मध्ये झुरिक येथे ‘इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल’ (इब्बी) ही संस्था स्थापन झाली. १९५६ पासून ती देत असलेला हान्स क्रिस्टियन अँडरसन पुरस्कार प्रथम एलिनॉर फार्जन यांना मिळाला. १९५८ मध्ये आस्ट्रिड लिंडग्रेन व १९६० मध्ये केस्टनर त्याचे मानकरी ठरले. १९६६ पासून चित्रकारांनाही तो देण्यात येऊ लागला. अँडरसन यांचा जन्मदिन २ एप्रिल हा १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळण्यात येतो. अमेरिकेत शांततावादी स्त्रियांच्या संघटनेशी निगडित असलेला जेन ॲडम्स बालग्रंथ पुरस्कार १९५३ मध्ये सुरू झाला.

निवडीचे निकष व मतभेद : साठोत्तरी काळात परराष्ट्रांविषयीच्या समजुतीबरोबरच स्वतःच्या देशातील उपेक्षितांचा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील पाच हजारांवर बालपुस्तकांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी केवळ ६·७ टक्के पुस्तकांतच कृष्णवर्णीय पात्रांना स्थान असल्याचे त्यांना आढळून आले (१९६५). जी जुनी पुस्तके निर्मळ मनोरंजन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात होती, त्यांकडेही नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. भारतात राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश लेखिकेने लिहिलेले द स्टोरी ऑफ लिटल ब्लॅक सँबो (१८९९) हे त्याचे ठळक उदाहरण होय. कथा चटपटीत व मुलाच्या हुशारीचे कौतुक करणारी आहे. परंतु नावे व चित्रे यांमुळे ती कृष्णवर्णीय मुलांना वर्गात हिणविण्याचे साधन बनली. १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप यांनी पुस्तक हे मुलाला आरसाही असते व खिडकीही, ही उपमा रूढ केली. ज्या मुलांना केवळ आरसेच मिळतात त्यांचीही हानी होते, हा त्यांच्या विवेचनातील भाग कमी उद्धृत होतो. या चिकित्सेतून निकषांच्या याद्या निघाल्या. त्या उपयुक्त होत्या, तथापि यादीवर बोट ठेवून पुस्तक उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण ठरविण्याची सवयही त्यांनी लावली. निर्दोष पण निर्जीव पुस्तकांची एक मोठी रांग त्यामुळे तयार झाली.

युद्धाची भीषणता मुलांना किती दाखवावी, याविषयी मतभेद आहेत. तोशी मारुकी यांच्या हिरोशिमा नो पिका (१९८०) या चित्रपुस्तकात सात वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने अणुबाँबच्या दिवसाचे चित्रण आहे. होरपळलेले देह त्यात झाकलेले नाहीत. मुलांना हे सोसणार नाही, असा आक्षेप घेण्यात आला. उलटपक्षी, सौम्य केलेले युद्ध हे असत्य असून मुलांच्या विश्वासाचा तो भंग ठरतो, असेही म्हटले गेले. असे पुस्तक मुलाच्या हाती एकट्याने वाचावयास देणे व मोठ्यांनी जवळ बसून वाचून दाखविणे यांत जो फरक आहे, तो या वादात पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. लिंडग्रेन यांनी १९७८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार स्वीकारताना प्रश्नाला वेगळीच दिशा दिली. मार देण्यासाठी छडी शोधून आणण्यास सांगितलेला मुलगा छडी न सापडल्याने दगड घेऊन येतो, कारण आईला आपल्याला इजाच करावयाची असेल तर तो चालेल, असे त्याला वाटते. ही हकीकत सांगून शांततेचा आरंभ घरातील माराच्या त्यागापासून झाला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. आयोजकांनी हे भाषण प्रक्षोभक मानून ते न करण्याचे त्यांना सुचविले होते. पुढील वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली.

भारत : महाराष्ट्रात या विचाराशी सर्वांत जवळचे नाते साने गुरुजी (१८९९–१९५०) यांचे आहे. श्यामची आई (१९३५) हे पुस्तक त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नासिकच्या कारागृहात लिहिले. जर्मनीतील ग्रंथहोळीच्या तीनच महिने आधीची ही गोष्ट होय. झाडावरच्या कळ्या न खुडण्यापासून अस्पृश्य म्हाताऱ्या स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यापर्यंतची करुणा त्यात रोजच्या प्रसंगांतून येते. हे पुस्तक रडविते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो व तो निराधार नाही. तथापि त्यातील अश्रू बहुधा दुसऱ्याच्या दुःखासाठी किंवा स्वतःच्या अपराधासाठी असतात. ‘गोड गोष्टी’ या मालेत गुरुजींनी व्हिक्टर ह्यूगोच्या ले मिझेराब्ल वरून दुःखी व जॉर्ज एलियटच्या सायलस मार्नर वरून मनूबाबा ही पुस्तके मुलांसाठी लिहिली. परदेशांतील कथांची निवड त्यांनी कोणत्या दृष्टीने केली, हे या दोन नावांवरूनही कळते. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा व साहित्य जाणून घ्यावे, या त्यांच्या आंतरभारतीच्या स्वप्नामागेही हीच प्रेरणा होती.

व्यंगचित्रकार शंकर यांनी मुलांची आंतरराष्ट्रीय चित्रस्पर्धा १९४९ मध्ये व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट १९५७ मध्ये सुरू केला. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय या मालेत एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढण्याचे धोरण ठेवण्यात आले. १९९८ मध्ये इब्बीची जागतिक परिषद नवी दिल्ली येथे भरली. ‘बालपुस्तकांद्वारे शांतता’ हा तिचा विषय होता. जपानच्या सम्राज्ञी मिचिको तीत प्रमुख भाषण करणार होत्या. परंतु त्या वर्षीच्या मे महिन्यात भारताने केलेल्या अणुचाचण्यांनंतर त्यांचे येणे रहित झाले व त्यांचे भाषण ध्वनिचित्रफितीवरून ऐकविण्यात आले. शांततेवरील परिषदेला आरंभीच लागलेले हे गालबोट होते. भाषणात मात्र त्याची कटुता नव्हती. युद्धकाळात शहरातून खेड्यात हलविलेल्या, जवळ मोजकीच पुस्तके असलेल्या एका मुलीच्या वाचनाच्या त्या आठवणी होत्या. नीइमी नान्किची यांची एक गोगलगाय तीत भेटते. आपल्या शंखात दुःख भरले आहे, असे अचानक जाणवून ती एकेका मैत्रिणीकडे जाते. प्रत्येकीकडून आपल्याही शंखात ते आहे, असेच उत्तर मिळते आणि अखेर ती रडणे थांबविते. वडिलांनी आणून दिलेल्या, १९३६ च्या सुमारास यामामोतो यूझो यांच्या संपादनाखाली निघालेल्या जागतिक साहित्याच्या संग्रहाचा उल्लेखही भाषणात होता. अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची कविता त्यात होती, म्हणजे ती शत्रुराष्ट्राच्या कवीची होती. पैशाचे नाणे हरवलेल्या मुलाविषयीची केस्टनर यांची कविताही त्यात होती. ज्या कवीची पुस्तके त्याच्या देशात जाळली गेली, त्याची कविता त्या देशाच्या मित्रराष्ट्रातील एक मुलगी ऐन युद्धात वाचत होती.

अलीकडील काळात स्थलांतरितांच्या प्रश्नामुळे चित्रपुस्तकांचे महत्त्व नव्याने जाणवू लागले आहे. आफ्रिका व पश्चिम आशियातून नावांतून येणारी मुले इटलीच्या ज्या लांपेदूसा बेटावर उतरतात, तेथे मुलांसाठी ग्रंथालय नव्हते. बेटावरील मुले व नव्याने आलेली मुले यांना एकत्र वाचता येईल अशी एकही सामाईक भाषा नव्हती. इब्बीने २०१२ मध्ये आपल्या राष्ट्रीय शाखांकडून शब्दविरहित चित्रपुस्तके मागविली. वीसहून अधिक देशांतून शंभरावर पुस्तके आली. त्यांचा एक संच लांपेदूसाला व एक रोमला ठेवण्यात आला असून तिसरा प्रदर्शनरूपाने देशोदेशी फिरविला जातो.